आडनाव आधी

आमच्या ग्रंथपाल मॅडमना कुणी नुसतं नाव सांगितलेलं चालत नसे. नवा विद्यार्थी ग्रंथालयाच्या दारात येऊन 'मॅडम, मी विशाल' म्हणाला की त्या हातातलं पेन खाली ठेवत, चष्म्यावरून त्याच्याकडे बघत आणि म्हणत, "आडनाव आधी." पोरगं गडबडून आडनाव सांगे. मग नाव, मग वडिलांचं नाव. एवढी वरात निघाली की मगच मॅडम हसत आणि काय पाहिजे ते विचारत. पोरांनी त्यांचं बारसं कधीच उरकून टाकलं होतं. अख्ख्या कॉलेजात त्यांना 'आडनाव-आधी' म्हणत. एकदा व्हरांड्यात पाठीमागून कुणीतरी तसं ओरडलं, तर त्या वळून शांतपणे म्हणाल्या, "हे आडनाव झालं. नाव सांग आता." ओरडणारा दोन आठवडे ग्रंथालयाकडे फिरकला नाही.

मांजरसुंब्याला उतरून आत जाणाऱ्या रस्त्यावर आमचं कॉलेज आहे. मी तिथं भूगोल शिकवायचे, तासिका तत्त्वावर. म्हणजे जुलैत असायचे, एप्रिलात नसायचे. अशा माणसाला स्टाफरूममध्ये खुर्ची नसते; असली तरी तिच्यावर कुणाची तरी पिशवी असते. म्हणून मी ग्रंथालयात बसू लागले. पहिल्या दिवशी मॅडमनी मलाही आडनाव आधी विचारलं, नंतर आपल्या टेबलाची डावी बाजू मोकळी करून दिली. आम्ही दोघी बीडहून एकाच एसटीनं यायचो. त्या माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठ्या, पण खिडकी मला द्यायच्या. खिडकीत बसलं की लोक बाहेरून हाका मारतात आणि वाचन होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

एका माणसाचं एकच नाव, हा त्यांचा धर्म होता. पुस्तकं नंतर, आधी नाव. एकच लेखक एका पुस्तकावर आद्याक्षरांनी, दुसऱ्यावर पूर्ण नावानं आणि तिसऱ्यावर टोपणनावानं छापलेला असला की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. मग त्या त्याचं एक नाव ठरवत आणि बाकीच्या नावांची छोटी कार्डं करून त्यांवर 'पाहा' असं लिहीत: हे नाव सापडलं तर ते नाव पाहा. बायकांच्या नावांसाठी त्यांच्याकडे निराळा करडा खोका होता. माहेरचं नाव, सासरचं नाव, लग्नात तांदळात लिहिलेलं तिसरंच नाव. मराठवाड्यातल्या जुन्या मासिकांत लिहून गेलेल्या कितीतरी बायका त्यांनी त्या खोक्यात जोडून ठेवल्या होत्या. "बाया लिहितात एका नावानं अन् मरतात दुसऱ्या नावानं," त्या म्हणत. "वाचणारानं हुडकायचं कुठं?" या विषयावर त्यांनी एक लेखही लिहिला. तो पुढे कुठल्या खणात जाऊन पडला, ते सांगायचंच आहे.

नियमांच्या बाबतीत एवढ्या कडक बाई एका ठिकाणी मात्र सरळ नियम मोडायच्या. दिवाळीच्या सुमाराला आमच्या वर्गातली निम्मी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची. सहा महिने कोप्यांत, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांत राहायची, उसाच्या फडात राबायची आणि परीक्षेला कशीबशी हजर व्हायची. पुस्तक सात दिवसांसाठी द्यायचं असा नियम. मॅडम त्या पोरांना चार-चार पुस्तकं द्यायच्या आणि परतीच्या तारखेच्या रकान्यात लिहायच्या, 'पट्टा पडल्यावर'. कारखान्याचा हंगाम संपल्यावर, असा त्याचा अर्थ. प्राचार्यांनी एकदा रजिस्टर बघून ही कुठली तारीख म्हणून विचारलं. मॅडम म्हणाल्या की यांच्या कॅलेंडरात हीच तारीख असते. पुस्तकं परत येत. कधी उसाच्या चिकट्यानं पानं चिकटलेली असत, कधी पाचटाचा तुकडा खूण म्हणून आत असे. त्या पानं ओल्या बोळ्यानं सोडवत बसायच्या आणि कुणावर ओरडायच्या नाहीत.

ह्याच उसनवारीवर त्यांनी दुसरा एक लेख लिहिला. कुठल्या पोरानं कुठल्या फडात काय वाचलं, कोणतं पुस्तक कोपीतल्या किती जणांच्या हातातून फिरलं, सगळं साध्या भाषेत. तो वाचून मी हट्ट धरला, की हा, बायकांच्या नावांचा आणि कार्डांवरचा आणखी एक, असे तिन्ही लेख छापायचे आणि नेटवर टाकायचे. तिथंच मी घोळ घातला. 

संशोधकांसाठी असतं तसलं एक खातं उघडायचं होतं. कॉलेजच्या एका जुन्या संगणकावर आम्ही दोघी बसलो. फॉर्म इंग्रजीत. नावासाठी तीन चौकोन. पहिल्यावर लिहिलेलं, पहिलं नाव. मी मॅडमकडे बघितलं. त्या सवयीनं म्हणाल्या, आडनाव आधी. मी टाकलं: साखरे. दुसऱ्यात: सुलोचना. उरलं ते तिसऱ्यात: ज्ञानोबा. ज्ञानोबा म्हणजे त्यांचे यजमान. बालवाडीपासून मस्टरपर्यंत आपण सगळे असंच लिहीत आलो, आधी आडनाव, मग आपण, मग बाप नाहीतर नवरा. पहिलं नाव म्हणजे जे पहिलं येतं ते, यात आम्हा दोघींना काही गैर दिसलं नाही. मोबाइल नंबर विचारला तेव्हा मॅडमकडे साधा बटणांचा फोन होता, त्यावर संदेश वाचायचा त्यांना कंटाळा. त्यांनी यजमानांचा नंबर दिला, ई-मेलही त्यांचाच. दोघांत एक नंबर पुरे, असा हिशेब. शेवटी पडद्यावर नाव कसं दिसेल ते आलं: 'साखरे एस. ज्ञानोबा'. मला तेव्हा काहीतरी खटकलं. काय ते कळायच्या आत बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. ती चुकली तर पुढची गाडी दीड तासानं. मी बटण दाबलं आणि आम्ही पळालो.

पुढच्या वर्षी साखरे साहेबांची अंबाजोगाईला बदली झाली. ते एका सरकारी कचेरीत होते. आधी शनिवारी यायचे, मग महिन्यातून एकदा, मग दिवाळीला. मग कळलं की तिथं त्यांचं दुसरं घर झालंय. कळलं म्हणजे आम्हाला कळलं; मॅडमना कधी कळलं ते त्यांनाच ठाऊक. त्या वर्षी त्यांनी सगळ्या कपाटांतली पुस्तकं उतरवून, झटकून, पुन्हा लावली. एकटीनं. मी मदतीला गेले तर मला वर्गावर पाठवलं. एसटीत ओळखीच्या बायका विचारायच्या, साहेब कुठं असतात. सात वर्षं मॅडमचं उत्तर एकच होतं. "अंबाजोगाईला बदली हाय." मला त्या उत्तराचा राग यायचा. एकदा न राहवून मी विचारलं की ही बदली संपायची कधी. त्यांनी पुस्तकाचं पान उलटलं.

मग कॉलेजचं मूल्यांकन आलं आणि आमच्या प्राध्यापकांना अचानक साऱ्या जगात दिसायचं होतं. मॅडमनी पन्नाशीत ते सगळं शिकून घेतलं. मोठा फोन घेतला, नवा नंबर घेतला आणि आपला धर्म थेट नेटवर नेला. प्रत्येकाला बोलावून सांगायच्या, सगळीकडे एकच नाव, एकच फोटो, स्वतःबद्दल त्याच दोन ओळी. आज डॉक्टर, उद्या नुसते पाटील, परवा भाऊ, असं केलं तर माणूस सापडत नाही. आमच्या एका सरांचा ई-मेल 'राजे' पासून सुरू व्हायचा. त्यांना त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सर, राज्य कुठलं हे?" सरांनी त्याच दुपारी तो बदलला. स्वतःचा फोटो त्यांनी संदर्भग्रंथांच्या कपाटासमोर काढून घेतला, पांढरी किनार असलेल्या निळ्या साडीत, आणि तोच सगळीकडे लावला. आजूबाजूच्या कॉलेजांतले ग्रंथपाल त्यांच्याकडे शिकायला येऊ लागले. स्वतःचं जुनं खातं मात्र त्यांनी कधी तपासलं नाही. तिथं 'साखरे एस. ज्ञानोबा' असंच दिसायचं, आणि ते आम्हाला बरोबरच वाटायचं. मस्टरवरही तसंच होतं.

चूक उघडी पडली ती त्यांच्या शेवटच्या बढतीच्या वेळी. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. तपासणीला आलेल्या बाहेरच्या बाईंनी लेखांची यादी नेटवर उघडली आणि विचारलं, हे ज्ञानोबा कोण? तिन्ही लेख त्यांचे दिसतायत. तुमचे कुठे आहेत? तिकडच्या पद्धतीत तिसऱ्या चौकोनात जे असतं तेच आडनाव. यादीत लेखक होता 'ज्ञानोबा, एस. एस.' ऊसतोडीच्या पोरांवरचा लेख तर परराज्यांतल्या लोकांनी उचलला होता, आणि प्रत्येकानं आदरानं लिहिलं होतं, 'श्री. ज्ञानोबा यांनी दाखवल्याप्रमाणे'. बायकांची नावं कशी हरवतात, त्यावरचा लेखही ज्ञानोबांचाच. मॅडम तपासणीतून परत आल्या, खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ कार्डांच्या कपाटाकडे बघत राहिल्या.

"रेखा," त्या म्हणाल्या, "जगाच्या कपाटात मी 'ज्ञ'च्या खणात पडलीय. अन् मला पत्ता न्हाई."

मी त्यांना सांगायला हवं होतं की तेव्हा मला खटकलं होतं. नाही सांगितलं. त्याऐवजी लगबगीनं खातं उघडायला बसले, म्हटलं दोन मिनिटांत दुरुस्त करू. दुरुस्तीला ओटीपी लागत होता, आणि तो जाणार होता फॉर्मात दिलेल्या साहेबांच्या नंबरावर. पडद्यावर त्याचे शेवटचे दोन आकडे दिसले. ते बघून मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. मी त्या खातेवाल्यांना चार वेळा लिहिलं. उत्तर एकच आलं: नोंदवलेल्या नंबराखेरीज काही करता येणार नाही. तपासणीवाल्या बाईंनी महिन्याची मुदत दिली होती. त्यातले वीस दिवस मॅडमनी काही केलं नाही. रोज येत, रोज 'आडनाव आधी' म्हणत, पण आवाज बसलेला. एकविसाव्या दिवशी एसटीत म्हणाल्या, की उद्या सुट्टी टाक, अंबाजोगाईला जायचंय.

अंबाजोगाईला साहेब घरी बोलावणार नव्हतेच. स्टँडसमोरच्या एका हॉटेलात बसले होते, कोपऱ्यातल्या टेबलावर. मी त्यांना सात वर्षांनी बघत होते. केस सगळे पांढरे, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. मॅडम समोर बसल्या, मी बाजूला. तब्येतीची विचारपूस झाली. मग मॅडमनी दोन वाक्यांत काम सांगितलं. साहेब चहाच्या कपाची बशी फिरवत राहिले. आकडा येईल ते माहीत आहे, म्हणाले. मेल तर कायमच येतात. अमक्यानं तुमचा लेख वाचला, तमक्यानं तुमचं नाव घेतलं. सगळे वाचलेत. एकही पुसला नाही.

"लई लोकं वाचतात तुझं," ते म्हणाले.

सात वर्षं ह्या माणसाला ते ठाऊक होतं आणि जिचं होतं तिला नव्हतं. मला त्या कपातला चहा त्यांच्या अंगावर ओतावासा वाटला. पण खरी गोष्ट पुढेच होती. त्यांच्या कचेरीतल्या कुणीतरी गंमत म्हणून साहेबांचं नाव नेटवर टाकून बघितलं. साखरे ज्ञानोबा. तर हे लेख निघाले. त्यानं सगळ्यांना दाखवले. एवढा मोठा माणूस आणि आपल्यात बसून टपाल लावतो, असा बोभाटा झाला. कचेरीतल्या मंडळानं शाल-श्रीफळ दिलं. साहेबांनी हे सगळं बशीकडे बघत सांगितलं.

"म्या हो म्हनलो न्हाई," ते म्हणाले. "न्हाई बी म्हनलो न्हाई, एवढंच."

मग त्यांनी विनंती केली. त्यांच्याही निवृत्तीला आठच महिने राहिले होते. निरोपाच्या पत्रिकेत लेखांचा उल्लेख घालणार होते, तिथल्या घरच्यांनाही त्या लेखांचं कौतुक होतं. आता नाव बदललं तर लोक काय म्हणतील. आठ महिने थांब, मग काय करायचं ते कर, मी स्वतः आकडा सांगतो. हे बोलताना त्यांनी पहिल्यांदा मॅडमकडे बघितलं, आणि मला भीती वाटली. कारण मुदत मागणाऱ्याला मॅडमनी नाही म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

मॅडमनी पदराच्या टोकानं चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"पुस्तक म्या पट्टा पडेपर्यंत देते," त्या म्हणाल्या. "नाव देत न्हाई."

साहेबांनी खिशातून फोन काढला आणि टेबलावर मॅडमच्या बाजूला सरकवला. तूच बघ, म्हणाले. मी माझ्या फोनवर खातं उघडलं, आकडा मागवला. त्यांच्या फोनची काच उजळली. मॅडमनी तो आकडा मला वाचून दाखवला, एकेक करून, जसा त्या पुस्तकाचा दाखल क्रमांक वाचत. तीन चौकोन पुन्हा समोर आले. पहिल्यात मी सुलोचना घातलं. मधलं पुसून मोकळं केलं. तिसऱ्यातून ज्ञानोबा पुसलं आणि बोट तिथंच थांबलं. इथं काय टाकू, मी हळूच विचारलं. मला वाटत होतं त्या माहेरचं आडनाव सांगतील. मनात मी ते टाइपसुद्धा केलं होतं.

"साखरे," त्या म्हणाल्या.

साहेबांनी मान वर केली. "माझं आडनाव कावून ठिवलंस मग?"

"तुमचं कुठं?" मॅडम म्हणाल्या. "अठ्ठावीस वर्षं मस्टरवर मीच लिवतेय ते. सोडून तुमी गेलात, मी न्हाई. आता ते माझं हाय."

चहा तसाच राहिला. आम्ही उठलो. साहेब बसूनच होते, फोन पुन्हा खिशात घालायचंही त्यांना सुचत नव्हतं. परतीच्या वाटेवर मी लढाई जिंकल्यासारखी बडबड करत होते. केज आलं तेव्हा मॅडम म्हणाल्या की माणूस खंगलाय. मला त्यांची ही दया तेव्हाही आवडली नाही, आजही आवडत नाही. पण ती होती, आणि खोटी नव्हती.

जिंकलो वगैरे काही नव्हतो. नाव दुरुस्त झालं तरी लेखांवरची नावं आपोआप बदलत नाहीत, प्रत्येक नियतकालिकाला लिहावं लागतं. दोन नियतकालिकांनी बदललं, पण सावकाश. तोवर महिना उलटून गेला होता आणि फाइल परत आली होती, पुढच्या फेरीत पाठवा म्हणून. पुढच्या फेरीआधी मॅडम निवृत्त होणार होत्या. तिसरा लेख, तो ऊसतोडीच्या पोरांचा, ज्या नियतकालिकात होता ते बंद पडलेलं. लिहायचं तरी कुणाला? तो तसाच ज्ञानोबांच्या नावावर राहिला. लोक नेमका तोच वाचतात.

बढती गेली त्याचं त्यांना फारसं वाटलं नाही, असं मी लिहिलं तर ते खोटं ठरेल. त्यांना वाटलं. आयुष्यभर वाट बघितलेली जागा होती ती. पण त्याहून मोठी मोडतोड दुसरीकडेच झाली होती. त्यानंतर त्यांनी पोरांना आडनाव विचारणं सोडून दिलं. दारात कुणी आलं की नुसतं म्हणायच्या, नाव सांग. पोरंच सवयीनं आडनाव आधी सांगायची. मॅडम ऐकून घ्यायच्या आणि नोंद करताना पेन हवेत थांबायचं. ज्या बाईला अठ्ठावीस वर्षांत एका कार्डाबद्दल शंका आली नव्हती, ती आता स्वतःच लिहिलेली कार्डं काढून पुन्हा पुन्हा तपासत बसे. ते बघवत नसे. मी ग्रंथालयात बसणं कमी केलं, हेही कबूल करते.

त्यांच्या निरोपाच्या दिवशी भाषणं झाली, हार झाले. संध्याकाळी आम्ही नेहमीच्या एसटीत बसलो. त्यांनी मला खिडकी दिली. घाटात मला राहवलं नाही. मी म्हटलं, मॅडम, तो फॉर्म मी भरला होता.

"टाइप तू केलंस, सांगितलं म्या," त्या म्हणाल्या. "तिकडं उलटं असतं हे दोघींना बी ठावं नव्हतं."

तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी पुढचंही सांगितलं: शेवटी पडद्यावर नाव आलं तेव्हा मला खटकलं होतं, आणि गाडी चुकेल म्हणून मी बटण दाबलं. पाली गेलं, बीडचे दिवे दिसू लागले. उतरताना हातातले हार सावरत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"खटकलं होतं तर बोलायचं असतं, रेखा."

रागानं नाही म्हणाल्या. रागानं म्हणाल्या असत्या तर मी विसरले असते. आता वर्गात, घरी, बँकेच्या रांगेत, कुठेही काही खटकलं की मी बोलते. लोकांना माझा त्रास होतो. होऊ दे.

गेल्या उन्हाळ्यात मॅडम गेल्या. महिनाभर आजारी होत्या, भावाच्या घरी. दहाव्याची पत्रिका भावानं छापली, त्यावर होतं, 'कै. सौ. सुलोचना ज्ञानोबा साखरे'. मी त्या भावाशी भांडले. तो बिचारा म्हणाला की ताई, पत्रिकेत असंच असतं. दहाव्याला साहेब आले होते. मागं, चपलांच्या ढिगाशेजारी उभे होते. मी तोंड फिरवून जाणार होते, पण तेच जवळ आले. म्हणाले, माझ्या निरोपाच्या दिवशी म्या उठून सांगितलं समद्यांला, ते लेख माझे न्हाईत, बायकोचे हायेत. मग? मी विचारलं.

"कुनी ऐकलं न्हाई," ते म्हणाले. "म्हनले, साहेब लई नम्र हायेत."

खात्यावर मॅडमनी माझा ई-मेल घालून ठेवला होता, आता मेल मला येतात. महिन्यातून एखादा तरी असतो. कुणी कुठल्या वीटभट्टीवरच्या मुलांसाठी पुस्तकं नेणार असतं, कुणाला पुस्तकं परत कशी येतात ते विचारायचं असतं. सुरुवात हटकून 'आदरणीय श्री. ज्ञानोबा' अशी. मी प्रत्येकाला त्याच दिवशी उत्तर लिहिते. हा लेख श्री. ज्ञानोबा यांचा नाही, सुलोचना साखरे यांचा आहे. त्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथपाल आहेत. तिथं 'होत्या' लिहायला हवं, मला कळतं. अजून एकदाही लिहिलेलं नाही.